वागळे इस्टेट ते महापे: दुसरी लाइन का सापडत नव्हती

हे प्रकरण ठाण्यातल्या एका सहकारी बँकेचं आहे. बँकेचं नाव इथे येणार नाही, लाइन देणाऱ्या कंपन्यांचंही नाही. नावांवाचून काही अडत नाही. मुख्य कार्यालय वागळे इस्टेटमध्ये, शाखा बावीस, आणि कोअर बँकिंगचे सर्व्हर महाप्याच्या एका डेटा सेंटरात भाड्याच्या रॅकमध्ये. शाखांचा सगळा डेटा आधी वागळे इस्टेटला जमतो आणि तिथून महाप्याला जातो. म्हणजे बँकेचा गळा कुठे असेल तर तो याच टप्प्यात. तो एकाच नळीवर अवलंबून राहू नये म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून एक-एक जीबीपीएसच्या दोन लाइनी घेतलेल्या होत्या. बिलं वेगळी, राउटर वेगळे, तक्रारीचे नंबर वेगळे. ऑडिटच्या फॉर्मवर ‘पर्यायी जोडणी आहे का’ या रकान्यात चार वर्षं बिनदिक्कत ‘होय’ लिहिलं जात होतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दोन्ही लाइनी एकदम गेल्या. पहिली परत आली दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी, दुसरी सव्वासहाला. मधले साडेपाच तास बावीस शाखांत लोक पासबुकं हातात घेऊन बसले होते आणि काउंटरवरून एकच उत्तर मिळत होतं, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ सर्व्हर बिचारा ठणठणीत होता. महाप्यात एसीच्या गारव्यात चालू होता, फक्त त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

मी बँकेचा नोकर नाही. नेटवर्कची आखणी तपासून देणं हा माझा धंदा. बँकेच्या आयटी प्रमुख मॅडमचा फोन आला तेव्हा दीड वाजला होता.

रबाळ्याचा खड्डा

मी वागळे इस्टेटला न जाता थेट महाप्याला गेलो. पहिल्या कंपनीचा माणूस तिथे ओटीडीआर लावून बसला होता. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाची एक टिचकी सोडतं. काचेच्या स्वतःच्या बारीक विखुरण्यामुळे त्यातला कणभर प्रकाश सतत मागे येत राहतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला जाऊन-येऊन १० मायक्रोसेकंद. परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून यंत्र अंतराचा आलेख काढतं. धडधाकट फायबरचा आलेख हलक्या उताराच्या रस्त्यासारखा दिसतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल उतार; डेसिबल म्हणजे वाटेत प्रकाश किती घटला याचं माप. आमच्या आलेखात तो उतार ४.६२ किलोमीटरवर कड्यासारखा तुटला होता.

अर्ध्या तासानं दुसऱ्या कंपनीचा मुलगा आला. त्याच्या यंत्रानं दाखवले ४.५८.

‘आमचा कट वेगळा आहे साहेब,’ तो म्हणाला. ‘चाळीस मीटरचा फरक येतोय.’

चाळीस मीटरचा फरक म्हणजे काहीच नाही. प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटर केबलचं वेटोळं ठेवतात. एका कंपनीनं दोन-तीन चेंबरमध्ये जरा जास्त वेटोळं ठेवलं की तेवढा फरक पडतो. यंत्र काच मोजतं, रस्ता नाही. वेटोळी वजा केली तर ४.६ किलोमीटर काच म्हणजे रस्त्यानं सव्वाचारच्या आसपास, आणि महाप्यापासून ठाणे-बेलापूर रस्त्यानं सव्वाचार किलोमीटर म्हणजे रबाळे. मी दोघांनाही गाडीत घेतलं.

सर्व्हिस रोडला पाण्याच्या पाइपसाठी रस्त्याखालून आडवं ड्रिलिंग चालू होतं. रस्ता न फोडता पाइप नेण्याची ही पद्धत चांगली, पण ड्रिलचं तोंड वरून दिसत नाही. ते एकाच चरात शेजारी-शेजारी टाकलेल्या चार डक्टपैकी, म्हणजे केबल घालायच्या नळ्यांपैकी, दोन फोडून गेलं होतं. एकात पहिल्या कंपनीची केबल. दुसऱ्यात एका तिसऱ्याच मालकाची केबल, जिच्यातले काही फायबर आपल्या दुसऱ्या कंपनीनं भाड्यानं घेतलेले. खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या केबलींच्या मालकांना खबर मिळावी म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू केलं. मुकादमाला विचारलं. त्याच्या फोनमध्ये ते नव्हतं.

त्या खड्ड्याशी मी अडीच तास उभा होतो आणि त्यात जे कळलं ते कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही कंपन्यांनी दुरुस्तीचं काम एकाच कंत्राटदाराला दिलं होतं. म्हणजे दोन केबली तुटल्या तरी जोडणारी टोळी एकच, गाडी एकच, फायबरची टोकं जोडणारं स्प्लायसिंग मशीन एकच. व्हॅनच्या मागच्या दाराशी, प्लास्टिकच्या स्टुलावर मशीन ठेवून एक पंचविशीचा मुलगा बसला होता. वरचं आवरण सोलून १२५ मायक्रॉनची काच उघडी करायची, अल्कोहोलनं पुसायची, काटकोनात छाटायची, दोन टोकं मशीनच्या खाचेत समोरासमोर ठेवायची, मग ठिणगी. आतला ज्या भागातून प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. शेजारून कंटेनर गेला की स्टूल हलायचा आणि तो हात वर करून थांबायचा. स्क्रीनवर ०.०२ डेसिबल उमटलं की पुढचा.

केबल ९६ फायबरची होती. बारा-बारा फायबरच्या आठ ट्यूब. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘साहेब, तुमची ट्यूब आणि कोर सांगा, आधी तुमचा जॉइंट मारतो.’

कोर म्हणजे त्यांच्या भाषेत ट्यूबमधला एकेक फायबर. आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीच्या माणसाला नाही, मला नाही, फोनवरच्या मॅडमनाही नाही. मॅडमनी कंपनीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. सर्किट आयडी, तिकीट नंबर, थांबा, बघतो, असं करत पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं: तिसरी ट्यूब, चौथी आणि पाचवी कोर. रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा आणि पुढे. म्हणजे हिरव्या ट्यूबमधले तपकिरी आणि करडा. मुलानं ते दोन फायबर चिमटीत धरून बाजूला काढले आणि दहा मिनिटांत पहिली लाइन उभी राहिली. तोवर तो निळ्या ट्यूबपासून क्रमानं चालला होता. साडेपाच तासांतली पंचवीस मिनिटं निव्वळ रंग माहीत नसल्यामुळे गेली. आज बँकेच्या रॅकच्या दाराला आतून एक पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन्ही लाइनींचे ट्यूब-कोर नंबर, चेंबरच्या खुणा आणि त्या मुलाच्या कंत्राटदाराचा फोन आहे.

तेरा मिनिटांचा हिशेब

चार वर्षांपूर्वी लाइनी घेताना बँकेला एक सादरीकरण दाखवलं होतं. मॅडमनी ते शोधून काढलं. त्यातलं गणित असं: प्रत्येक लाइन ९९.५ टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षात सुमारे ४४ तास बंद. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता ०.००५ गुणिले ०.००५. वर्षाला फक्त १३ मिनिटं.

गुणाकार बरोबर आहे. पण असा गुणाकार दोन स्वतंत्र घटनांचा करायचा असतो, हे त्या पानावर कुठेही नव्हतं. या ४४ तासांपैकी समजा २० तास एकाच चरातल्या कटांमुळे येणार असतील, तर दोन्ही लाइनी एकदम बंद असण्याचा काळ किमान २० तास आहे. १३ मिनिटं नव्हे. त्यात ऋतूचीही भर. पावसाळ्याआधी रस्ते बुजवून द्यायचे असतात, म्हणून मे महिन्यात जो तो खोदत असतो. दोन वेगळ्या रस्त्यांवरच्या लाइनीसुद्धा मे महिन्यात एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. आणि दुरुस्तीची टोळी एक असेल तर पहिली जोडली जाईपर्यंत दुसरी रांगेत.

नेटवर्कच्या आखणीवर संशोधन करणारे याला सामायिक जोखमीचा गट म्हणतात: कागदावर वेगळ्या असलेल्या, पण एकाच घावात तुटणाऱ्या जोडण्या एका गटात धरायच्या. जगभर हे महागात पडून शिकलेलं शास्त्र आहे. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या बोगद्यातून अनेक कंपन्यांचे फायबर जात होते आणि बऱ्याच जणांना तेव्हा कळलं की आपले ‘वेगळे’ मार्ग एकाच भुयारात शेजारी झोपलेले आहेत. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबली काही तासांच्या अंतरानं तुटल्या आणि आपल्याकडचं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं. रबाळ्याचा खड्डा त्याच जातीचा, आकारानं लहान.

‘तिसरी घेऊन टाका’

बुधवारी बैठक झाली. जनरल मॅनेजर साहेबांचं म्हणणं सरळ होतं: ‘दोन्ही गेल्या ना? मग तिसरी घेऊन टाका. पैसे मंजूर करतो.’ तिसऱ्या कंपनीचं कोटेशन दुपारपर्यंत आलंसुद्धा. मी फक्त एवढं मागितलं, की कोटेशनबरोबर मार्गाची नकाशा-फाइल द्या. ती आली, पहिल्या दोघींच्या फाइलींवर ठेवली, आणि कळव्यापासून महाप्यापर्यंत तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

असं का होतं, ते या भागाच्या भूगोलात आहे. ठाण्याहून नवी मुंबईत जायचं तर आधी खाडी ओलांडायला हवी: कळव्याच्या पुलावरून, ऐरोलीच्या पुलावरून, नाहीतर थेट खाली वाशीच्या. पलीकडे गेलं की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला पारसिकचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर रस्ता. केबल टाकणारा कुणीही असो, त्याला तोच रस्ता सोयीचा. डोंगराच्या मागच्या बाजूनंही वाट आहे: कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि तिथून डोंगर चढून महापे. पण ती लांबची.

मग पहिल्या दोन कंपन्यांना वेगवेगळं पत्र टाकलं, की दुसऱ्या लाइनीपासून संपूर्ण वेगळा मार्ग द्या. दोघांचंही उत्तर एकच, इंग्रजीत एका ओळीचं: शक्य नाही. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रकरणाचा खरा पेच इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

दोन्ही कंपन्यांच्या कोटेशनमधून मी टप्प्याटप्प्याचं भाडं वेगळं काढलं. रुपये इथे देता येत नाहीत, म्हणून तुलनेपुरते गुण देतो. वागळे ते कळवा ३. कळवा ते ऐरोली, विटावा-दिघ्यावरून, ३. ऐरोली ते महापे ४. मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलानं वागळे ते ऐरोली अंतरानं कमी, पण पुलावरची जागा महाग, म्हणून ८. कळवा ते महापे, शिळफाट्यावरून, ९.

सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला? कळवा-ऐरोली-महापे, एकूण १०. दोन्ही कंपन्या त्यावरच होत्या, कारण दोघींनाही स्वस्तात स्वस्त लाइन द्यायची होती. आता पहिल्या कंपनीची लाइन आहे तिथेच राहू द्या आणि दुसरीसाठी वेगळा मार्ग शोधा. ऐरोलीच्या पुलावरून जाल तर ऐरोलीपासून पुढे रबाळ्याचा तोच चर. शिळफाट्यावरून जाल तर वागळे ते कळवा तोच चर. कुठूनही निघा, एक तरी टप्पा सामायिक. दुसऱ्या कंपनीचा नियोजक पहिलीला हात लावू शकत नव्हता, पहिलीचा दुसरीला. म्हणून दोघांचंही ‘शक्य नाही’ आपापल्या जागी बरोबर.

वेगळी जोडी मात्र नकाशावर होती.

चांगली चालणारी लाइन

हे मी बैठकीत गुणांच्या कोष्टकावरून समजावून पाहिलं आणि सपशेल फसलो. मग मॅडमनीच भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या नकाशापाशी जाऊन दोन मार्कर घेतले. नियम एवढाच: एका रस्त्यावर दोन रंग चालणार नाहीत. त्यांनी लाल रंगानं स्वस्त मार्ग काढला. निळा घेऊन निघाल्या, पुलावरून ऐरोलीला पोचल्या, अडकल्या. परत निघाल्या, कळव्याकडे हात गेला, तिथे आधीच लाल. मिनिटभर नकाशाकडे बघत राहिल्या. मग ओढणीच्या टोकानं कळवा ते ऐरोलीमधली लाल रेघ पुसली.

‘म्हणजे लालला पुलावरून पाठवलं तर निळ्याला कळवा मिळतं. आणि निळा शिळफाट्यावरून आला तर ऐरोलीच्या खालचा रस्ता लालला एकट्याला.’

मी वीस मिनिटं जे सांगत होतो ते त्यांनी ओढणीनं सांगितलं. लाल: वागळे, मुलुंड, ऐरोली पूल, ऐरोली, महापे. निळा: वागळे, कळवा, मुंब्रा, शिळफाटा, महापे. महाप्यात एक पश्चिमेकडून येते, दुसरी डोंगरावरून पूर्वेकडून. मधे कुठेही गाठ नाही.

नेमकी हीच पुसण्याची युक्ती जे. डब्ल्यू. सुरबाले यांनी १९७४ मध्ये पद्धतशीर मांडली. पुढे १९८४ मध्ये रॉबर्ट टार्जन यांच्यासोबत तिची जलद आवृत्ती आली. गाभा असा: आधी सर्वांत स्वस्त मार्ग काढा. दुसरा शोधताना पहिल्यावरून उलट दिशेनं चालायची मुभा द्या, आणि तसं चाललं की त्या टप्प्याचं भाडं परत मिळालं असं धरा. आमच्या आकड्यांत: पहिला १०. दुसरा वागळेहून पुलानं ऐरोली, ८. ऐरोलीहून उलटं कळव्याला, वजा ३. कळव्याहून शिळफाट्यानं महापे, ९. एकूण १४. ज्या टप्प्यावर एक जण गेला आणि दुसरा उलटा आला तो टप्पा दोघांच्या हिशेबातून जातो. उरते ती लाल-निळी जोडी, २४ गुणांत.

आणि त्याच्याही आधी, १९२७ मध्ये कार्ल मेंगर यांनी सिद्ध केलेला सिद्धान्त सांगतो की दोन ठिकाणांमध्ये एकमेकांना न शिवणारे मार्ग जास्तीत जास्त किती, तर ती दोन ठिकाणं तोडायला कमीत कमी जितके घाव लागतील तितके. बँकेकडे चार वर्षं लाइनी दोन होत्या आणि लागणारा घाव एक. तिसरी घेतली असती तरी घाव एकच राहिला असता. खर्चाचं बघा: आधीच्या दोन लाइनी २० गुण, तिसरीसकट ३० झाले असते. वेगळी जोडी २४. मला या धंद्यात वीस वर्षं झाली, पण स्वस्त आणि मजबूत अशी दोन्ही उत्तरं एकाच कागदावर फार वेळा पाहिलेली नाहीत.

एक कबुली द्यायला हवी. पाच टप्प्यांच्या नकाशावर हे मार्करनं जमलं. खऱ्या मोठ्या जाळ्यात, जिथे एकेक चर, पूल आणि बोगदा मिळून जोखमीचे शेकडो गट होतात, तिथे गटांच्या दृष्टीनं पूर्ण वेगळे दोन मार्ग शोधणं हा सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे जाळं कितीही मोठं असलं तरी झटपट उत्तर देणारी पद्धत कुणाला सापडलेली नाही असा. सुरबालेंची पद्धत रस्ते वेगळे करते. दोन वेगळे दिसणारे टप्पे एकाच पुलाखालून जातात हे तिला कळत नाही. ते कुणीतरी पायी हिंडून तिला सांगावं लागतं. आम्ही दोन शनिवार गाडी घेऊन दोन्ही मार्गांवरची चेंबरं मोजत फिरलो. विटाव्याचा सबवे यादीतून गेला, याचा मॅडमना सगळ्यात आनंद झाला. पावसात तिथे काय होतं ते ठाणेकराला सांगायला नको.

अडचण माणसांची निघाली. लालला हलवायचं म्हणजे पहिल्या कंपनीची लाइन, जी खड्ड्याआधी चार वर्षं जवळजवळ विनातक्रार चालली होती. जनरल मॅनेजर साहेब अडून बसले. ‘जी चांगली चालतेय तिला कशाला हात लावता? जी नीट नाही तिचं काय ते करा.’ त्यांच्या दृष्टीनं दोन लाइनी म्हणजे दोन माणसं होती, एक कामसू आणि एक राखीव; कामसूची बदली करायची म्हणजे काय? दोन लाइनी म्हणजे एकच वस्तू आहे, जोडी, आणि जोडी आखताना पहिली-दुसरी असं काही नसतं, हे गळी उतरायला तीन आठवडे गेले.

कंपनीनंही एक आक्षेप काढला. शिळफाट्याचा मार्ग ३१ किलोमीटर काच, पुलाचा १९. लांबच्या लाइनीवर बँक ‘स्लो’ होईल. १२ किलोमीटरचा फरक, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १२० मायक्रोसेकंद. एका सेकंदाचा आठ हजारावा भाग. पासबुक प्रिंटरची पट्टी एक घर सरकायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आक्षेप तिथेच मिटला. प्रकाश पोचेल का हा प्रश्न मात्र रास्त होता: ३१ किलोमीटरला, सांधे आणि कनेक्टर धरून, हिशेब ९ ते १० डेसिबलवर जात होता. १० किलोमीटरसाठीचं मॉड्यूल, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडणारा आणि घेणारा सुटा भाग, तिथे दगा देतं. लांब पल्ल्याचं १५५० नॅनोमीटरचं लावून घेतलं.

भरलेल्या लाइनी

सप्टेंबरात जोडी उभी राहिली. मी सरावाचा आग्रह धरला: मुद्दाम एक लाइन तोडून बघायची, तीही बँकेच्या रॅकमधून वायर उपटून नाही, तर मधे, कंपनीच्या कळव्याच्या केंद्रात. एका दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना, तोडली.

काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं होतं तेही झालं नाही. बँकेच्या राउटरवरचा हिरवा दिवा जळतच राहिला, कारण राउटर आणि फायबर यांच्यामध्ये कंपनीचा एक डबा बसलेला होता आणि तो आपल्या बाजूनं प्रकाश देतच होता. राउटरला वाटलं सगळं ठीक आहे. मूळ सेटिंगप्रमाणे तो दर ६० सेकंदांनी पलीकडच्याला ‘आहेस ना’ विचारतो आणि १८० सेकंद उत्तर आलं नाही तर मार्ग बदलतो. तीन मिनिटं निळ्या वाटेनं जाणारे सगळे व्यवहार खड्ड्यात. यावर उपाय सोपा आहे, दर ३०० मिलिसेकंदांनी हाक मारणारा वेगळा प्रोटोकॉल लावायचा; तीन हाका फुकट गेल्या की ९०० मिलिसेकंदांत वळण. टेलिफोनच्या जुन्या एसडीएच वलयांत, म्हणजे गोलाकार जोडलेल्या फायबरच्या जाळ्यांत, हेच काम ५० मिलिसेकंदांत व्हायचं, पण त्यासाठी तेवढीच जागा कायम रिकामी ठेवावी लागे.

रिकामी जागा. सराव तिथेच खरा फाटला. तीन मिनिटांनी सगळा डेटा लालवर आला आणि लाल कोंडली. साहेबांचं तत्त्व होतं, पैसे देतो तर दोन्ही वापरायच्या, म्हणून दोन्ही लाइनींवर भार वाटलेला. प्रत्येक सुमारे ६५ टक्के भरलेली. बिलाच्या दृष्टीनं उत्तम. पण एक गेली की दुसरीवर १३० टक्के. लाइन चालू, दिवा हिरवा, आणि एटीएमचा व्यवहार मधेच लटकलेला. दोन लाइनी असतील आणि सगळं तसंच चालायला हवं असेल तर कुठलीही अर्ध्याहून जास्त भरता येत नाही. याला पळवाट नाही.

दुप्पट क्षमता विकत घेणं हा एक मार्ग. आम्ही आधी बघितलं की हे ६५ टक्के आहे काय. काउंटर, एटीएम आणि यूपीआय मिळून दोन्ही लाइनींवर १०० एमबीपीएसच्या आत होते. उरलेलं म्हणजे शाखांच्या कॅमेऱ्यांची चित्रफीत आणि सर्व्हरच्या बॅकअपच्या प्रती. प्रत अर्ध्या तासानं गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून रांगा लावल्या: पैशाचे व्यवहार पुढे, कॅमेरे मागे, बॅकअप सर्वांत शेवटी, जागा उरली तर. एक रुपया जास्त खर्च झाला नाही. मोठ्या कंपन्या याच प्रश्नाशी मोठ्या प्रमाणावर झगडतात: राखीव क्षमता प्रत्येकाला वेगळी न देता अनेकांनी मिळून वापरायची, आणि तरी वलयासारखं पटकन वळायचं. वेन ग्रोव्हर आणि डेमेट्रिओस स्टॅमाटेलाकिस यांनी १९९८ मध्ये मांडलेली पी-सायकलची कल्पना त्यासाठीच. बँकेला एवढ्याची गरज नव्हती.

दुसरा सराव कामाच्या दिवशी, संध्याकाळी केला. नौपाड्याच्या शाखेत एक आजोबा एफडी मोडत होते. त्यांची पावती छापली गेली.

उरलेले चाळीस मीटर

डिसेंबरात शिळफाट्याजवळ निळी खरोखर तुटली. सात तास बंद. एकाही शाखेतून फोन आला नाही. मॅडमना मोबाइलवर संदेश आला तेवढंच. पुढच्या बैठकीत जनरल मॅनेजर साहेबांनी विचारलं, जी लाइन सात तास बंद असूनही कुणाला कळलं नाही, तिचं एवढं भाडं आपण का भरतो? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मे महिन्याच्या त्या मंगळवारचा तक्रारींचा कागद पुढे सरकवला.

एक काम अजून राहिलं आहे. डेटा सेंटरात दोन बाजूंनी आत जायची सोय आहे, पण वागळे इस्टेटमध्ये बँकेच्या इमारतीला फाटक एकच. लाल आणि निळी दोन्ही फाटकाबाहेरच्या एकाच चेंबरमधून आत येतात, आणि तिथून रॅकपर्यंतचे चाळीस मीटर एकाच डक्टमध्ये शेजारी-शेजारी आहेत. मेंगरच्या हिशेबानं घाव अजून एकच. मागच्या गल्लीतून दुसरी वाट काढायची तर मागच्या प्लॉटच्या मालकाची परवानगी हवी. दोन पत्रं गेली आहेत, तिसरं या आठवड्यात जाईल. तोवर चेंबरच्या झाकणावर पिवळा रंग मारून ‘खोदू नये’ लिहिलंय आणि खाली वॉचमनचा नंबर दिलाय. सकाळी मी गेलो तेव्हा त्यावर एक टेम्पो उभा होता.